खैरूनचाचीचा आकडा

मागच्या महिन्यात ठाण्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. आंब्यातल्या फळमाशीसाठी नवीन तयार आमिष आलं आहे, त्याचं. चहा-बिस्किटांबरोबर प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट ठेवलं. आत तपकिरी पावडर. पाण्यात कालवायची, बाटलीत भरायची, झाडाला टांगायची. पाकिटाच्या मागं लाल अक्षरांत छापलं होतं, ‘माणसांनी खाऊ नये.’ ते वाचून सगळ्या सभागृहात मी एकटीच हसले. साहेबांनी माईकवरून विचारलं, “काय झालं मॅडम?” आता काय सांगणार? माझ्या ओळखीत एक बाई होती सर, तिनं हे पाकीट फोडून आधी जिभेला लावलं असतं आणि वर तुम्हालाच सुनावलं असतं, की गोड जास्त झालंय.

ती बाई म्हणजे खैरूनचाची. तिला जाऊन आता वर्ष होईल.

मी कृषी सहाय्यक. पहिली नेमणूक भिवंडी तालुक्यात झाली तेव्हा आमच्या घरी सगळे हसले होते. आम्ही धामणकर नाक्याजवळ राहतो. खिडकी उघडली की चार बाजूंनी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट. माझा भाऊ म्हणाला, “भिवंडीत शेती? तू काय गोडाऊनवर पीक घेणार?” पण वळ गावाच्या पलीकडं, मानकोलीच्या रस्त्यापासून आत, एक पाडा होता. अकरा घरं, अकरा आंब्याच्या बागा. एक घर कोकणी मुसलमानांचं, ते चाचीचं, बाकी आगरी. चारी बाजूंनी गोडाऊनचे पत्रे चढत होते आणि मधे ही हिरवी चौकट तग धरून होती. तिथं मी स्कूटरवर पहिल्यांदा गेले ती कार्यालयानं दिलेले दोन सापळे घेऊन. प्लास्टिकचा डबा, आत एक लाकडी ठोकळा, त्याला औषधाचा वास. त्या वासाला माशा येतात आणि डब्यात मरतात. मी मोठ्या ऐटीत ते चाचीच्या बागेत टांगले, कारण तिची बाग पाड्याच्या तोंडाशीच होती.

आठवड्यानं गेले तर डबा निम्मा भरला होता. मला कोण आनंद! ओट्यावर साठीची एक बुटकी, गोरी बाई बसली होती. डोक्यावर ओढणी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तिनं डबा माझ्या हातातून घेतला, मेलेल्या माशा पांढऱ्या बशीत ओतल्या आणि सुईनं एकेक उलटी करून बघायला लागली. मी घड्याळ बघत उभी. दहा मिनिटांनी तिनं मान वर केली.

“म्याडम, हे समदे बापये हायत.”

बापये म्हणजे पुरुष. मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे बाई एक पण न्हाय. बाईमाशीला मागं सुई असते, आंब्यात टोचायला. हितं सुई हाय कुठं? अंडी बापये घालतात काय गो?”

त्या वासाला फक्त नर येतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे दोन गुणही घेतले होते. पण डबा भरलेला बघून त्याचा मला साफ विसर पडला होता. चाचीनं पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिचा नवरा असताना त्यांचे गावात चार लूम होते आणि विणलेलं थान तपासायचं काम तिचं. वीस वर्षं तिनं कापडावर तुटलेला धागा शोधला होता. त्या नजरेपुढं माशीची सुई म्हणजे काहीच नव्हे.

मग तिनं मला तिच्या झाडांकडं नेलं. सावलीच्या बाजूला, खांद्याइतक्या उंचीवर, थंड पेयाच्या जुन्या बाटल्या टांगलेल्या. बाटलीला बाजूनं चार भोकं पाडलेली आणि आत तपकिरी, घाण वासाचं काहीतरी. मी नाकाला रुमाल लावला. ती म्हणाली, “बापयाला अत्तर पुरतं. बाईला अंडी पोसायची असतात, तिला जेवन लागतं.”

हे जेवण ती स्वतः रांधायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. सुका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, रात्रभर पाण्यात भिजत घालायचा. सकाळी तो हातानं कुस्करायचा, त्यात काळा गूळ आणि साल काळी पडलेलं केळं कालवायचं, आणि बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायचं. मग एकतर मान हलायची, नाहीतर “गूळ कमी” असं काहीतरी निघायचं. चाखून झाल्यावरच त्यात रिठ्याचं पाणी पडे, माशी तरंगू नये, बुडावी म्हणून. दोन दिवसांत ते उन्हानं असं कुजायचं की पाड्यावरची कुत्रीसुद्धा वळसा घालून जात. माशांना मात्र ते पंचपक्वान्न. तिला पहिल्यांदा चाखताना पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरले. ती म्हणाली, “न चाखता पानात वाढलेलं माझ्या हातून आजवर झालं न्हाय. मानूस असो नायतर माशी.”

एक गोष्ट मला फार दिवसांनी लक्षात आली. चूल पेटवताना, पीठ मळताना, विहिरीवर बादली सोडतानाही चाचीच्या तोंडून बिस्मिल्ला निघायचं. आमिष कालवताना मात्र ओठ घट्ट मिटलेले. मी एकदा विचारलंच. ती जरा ओशाळली. “जेवाया बोलवायचं आनि बुडवायचं. आनि त्यात वर त्याचं नाव घ्यायचं? त्याला काय वाटंल? काम तर कराया लागतंय, पन नाव न्हाय घ्यायचं.” आणि लगेच विषय बदलून मला चहाचं विचारलं.

दर शनिवारी ती बाटल्या उतरवायची. चहाची एक जुनी गाळणी त्यासाठी राखून ठेवली होती. तिच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला, घरात चुकून कुणी चहाला घेऊ नये म्हणून. (एकदा सुनेनं घेतली होती. तो किस्सा चाची पाहुण्यांचा चहा पिऊन झाल्यावर सांगायची.) गाळलेल्या माशा बशीत घ्यायच्या, चिलटं आणि घरमाशा बाजूला करायच्या, आणि फळमाशीच्या बाया तेवढ्या मोजायच्या. जो आकडा येईल तो फाटकावरच्या दगडी पाटीवर खडूनं लिहायचा.

त्या आकड्यावर सगळा पाडा चालायचा. वीसच्या आत असला तर कुणी काही करायचं नाही. वीसच्या वर गेला की अकराही घरांनी त्याच दिवशी खाली पडलेली फळं वेचायची, गोणीत बांधायची, तयार आंबा झटपट उतरवायचा आणि खोडांवर गूळपाण्याचा विषारी फवारा द्यायचा. एकट्यानं करून उपयोग नसतो, माशीला कुंपण कळत नाही. गंमत अशी की चाची उर्दू शाळेत शिकलेली, त्यामुळं आकडे उर्दूत. म्हणून पाड्यावरचे सगळे आगरी बापये उर्दू अंक वाचायला शिकले होते. शून्यापासून नऊपर्यंत, आणि तेही फक्त माशांसाठी. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका. फाटकावर ठिपका दिसला की शेजारचे बामाकाका लांबूनच ओरडायचे, “चाची, ठिपका हाय ना? का माशीच बसली पाटीवर?”

या आकड्यानं एकदा मोठा घोळ केला. लूमच्या रात्रपाळीवरून सुटणारे काही कामगार पाड्याच्या वाटेनं जायचे. फाटकावर दर शनिवारी कुणीतरी आकडा लिहितंय आणि लोक थांबून बघतायत, म्हणजे भिवंडीत त्याचा अर्थ एकच, मटका. एक दिवस एक पोरगेला माणूस चाचीला हळूच म्हणाला, “चाची, ओपन में सात लगाया था, आ गया. क्लोज क्या है?” चाचीला काही कळेना. तिनं सरळ सांगितलं, “क्लोज शनिवार को. पहले बाटली उतारनी पड़ती है.” त्यानं हे कुणाला सांगितलं देव जाणे. पुढच्या शनिवारी सकाळी फाटकाशी चौदा माणसं, आणि त्यांच्या मागोमाग एक हवालदार. चाचीनं हवालदाराला ओट्यावर बसवलं, बशी पुढं केली, हातात सुई दिली आणि म्हणाली, “मोजा तुमीच.” त्या गृहस्थानं खरंच मोजल्या. नऊ. मग त्याच्याच हातानं पाटीवर मराठी नऊ काढून घेतला. तो आठवडाभर तसाच होता.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण माझी नोकरी त्या आकड्यावर उभी होती. माझ्या महिन्याच्या अहवालात तो जायचा. “तुमच्या भागात माशीचा प्रादुर्भाव सगळ्यात कमी कसा?” असं साहेबांनी बैठकीत विचारलं की मी खाली मान घालून, नम्र वगैरे होऊन, सर्वेक्षणाविषयी दोन वाक्यं बोलायची. त्यात चाचीचं नाव कधी घेतलं नाही. माझे दोन वासाचे सापळे तिच्या बागेच्या टोकाला टांगलेलेच होते. कार्यालयाला त्यांचीही नोंद लागायची, म्हणून मी नर मोजून वहीत लिहायची. चाची म्हणायची, “बापये मोजून काय करतंस? लग्नात बापये किती आले त्यावरून जेवन ठरतं काय?” मलाही ते पटलं होतं.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. माझ्या पाचव्या वर्षी तो सरकत सरकत ऐन आंब्यात, मे महिन्यात आला. तसं उन्हाळ्यात रोजे धरणं म्हणजे जीव काढणंच, पण चाचीचं काम थांबलं नाही. पहाटे आमिष कालवायचं, शनिवारी मोजायचं. फक्त एकच गोष्ट होत नव्हती. तोंडाला रोजा होता, त्यामुळं चाखणं नव्हतं. रांधणाऱ्या बाईनं जिभेच्या टोकानं चव बघून थुंकून टाकली तर चालतं, असं तिला घरच्यांनी सांगितलं होतं. तिचा जीव मानत नव्हता.

त्या वर्षी जवळाही नेहमीचा नव्हता. तिची ठरलेली कोळीण लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून सुनेनं बाजारातल्या दुकानातून आणला. दिसायला तसाच, वासाला तसाच.

पहिल्या शनिवारी पाटीवर ठिपका, बाटलीत बाहेरूनच माशी दिसेना म्हणून उतरवून गाळायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या शनिवारी ठिपका. तिसऱ्याही. पाड्यावर आनंदीआनंद. बामाकाकांनी झाडावरचा आंबा मुद्दाम ठेवला, अजून आठ दिवस चढू दे, चव येईल. आणि माझ्याकडं तर विचारू नका. साहेबांची पाहणी त्याच महिन्यात ठरली होती आणि मी फोनवर सांगून बसले होते, “सर, तीन आठवडे शून्य आहे.”

त्याच तीन आठवड्यांत माझ्या वासाच्या डब्यात नर वाढत होते. पहिल्या शनिवारी चाळीस. दुसऱ्या शनिवारी ऐंशी. तिसऱ्या शनिवारी शंभराच्या वर. मी स्वतःच्या हातानं ते वहीत लिहिलं. लिहिताना मला शंका आली होती, हे आज कबूल करते. पण मनात म्हटलं, बापये तर आहेत, वासानं लांबून आले असतील. चाचीच म्हणते मोजू नको. आणि शून्य मला हवं होतं. चाचीला हे सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं बाटली उघडली असती. मी वही पिशवीत टाकली.

चौथ्या आठवड्यात बामाकाकांच्या व्याह्यांचा फोन आला. लेकीच्या सासरी पहिल्या आंब्याची पेटी पाठवायची, ही इकडची रीत. काकांनी निवडून, पेंढ्यात घालून पेटी पाठवली होती. तिथं पाहुणे जमवून आंबा कापला आणि आत अळ्या वळवळत होत्या. दुसराही तसाच, तिसराही. व्याही काही वाईट बोलले नाहीत. “होतं असं,” म्हणाले. काकांना त्याचाच जास्त चटका बसला. बाकी दहा घरांतही तीच गत. वरून केशरी, आत लगदा.

चाचीनं बाटली उतरवली. पंधरा दिवसांचं आमिष काल कालवल्यासारखं ताजं होतं. कुजलंच नव्हतं. ईद झाली त्या दिवशी दुपारी तिनं डब्यातला उरलेला जवळा जिभेवर ठेवला आणि तिथंच खाली बसली. खारवलेला होता. मिठात माल टिकतो, कुजत नाही. कुजत नाही म्हणून वास नाही, वास नाही म्हणून माशी नाही. बाटली रिकामी होती, बाग भरलेली होती. नेहमीसारखा एक कण चाखला असता तर तिनं जवळा तीनदा धुतला असता.

दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, ती निघाली. स्वतःचं सोडून दहाही घरी. शिरखुर्मा घेऊन आली असेल म्हणून बायका भांडी घेऊन पुढं आल्या, तर हात रिकामे. मी तेव्हा बामाकाकांच्या ओट्यावर नुकसानीची नोंद करत बसले होते. ती आली, बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, “बामा, जवळा खारा व्हता. मी चाखला न्हाय. रोजा व्हता म्हनून न्हाय चाखला, पन रोजा सोडल्यावर सांजचा चाखता आला असता. ते मला सुचलं न्हाय. चूक माझी हाय.”

बामाकाका वाईट माणूस नव्हेत. पण त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं होतं. ते म्हणाले, “चूक कसली चाची. तुमच्या रोज्यानं आमचा आंबा खाल्ला, दुसरं काय.”

चाचीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती दुसरं काहीही ऐकून घ्यायला आली होती. हे नव्हे. ओढणी सारखी करून ती पुढच्या घरी गेली. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत वही. तोंड उघडलं असतं तर रोज्यावरचा तो बोल तिथंच पुसला गेला असता. मी विचारलं, “काका, झाडं एकूण किती लिहू?”

त्यानंतर आकडा कुणी विचारेना. ज्याला वाटेल तेव्हा तो फवारायचा. बामाकाका फाटकावरून जायचेसुद्धा बंद झाले, बांधावरून लांबचा वळसा घालायचे. चाची मात्र दर शनिवारी मोजायची आणि पाटीवर लिहायची. पुढच्या रमजानांत ती आमिष संध्याकाळी कालवायला लागली, रोजा सोडला की खजूर आणि पाण्याच्या पाठोपाठ जवळा. सून कपाळाला हात लावायची. मी शनिवारी गेले की चाची आधी सांगायची, “चाखलाय हां,” आणि मग आकडा. दर वेळी. ते “चाखलाय हां” ऐकलं की मला कुठंतरी निघून जावंसं वाटायचं. पण मी गेले नाही आणि बोललेही नाही. माणूस स्वतःला किती वर्षं समजावू शकतो, याला काही सुमार नाही.

सहा वर्षं अशी गेली. करोना येऊन गेला. चाचीचे गुडघे गेले, हातात काठी आली. चार बागांच्या जागी गोडाऊन झाली. मग माझा बदलीचा हुकूम आला. कपाट रिकामं करताना ती वही हाताला लागली. मी ती घेऊन शनिवारी सकाळी सरळ चाचीकडं गेले. बाटल्या अजून उतरवायच्या होत्या. मी ते पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं चष्मा पुसला, वाचलं. “ह्या तारखा कवाच्या?”

“त्या रोज्यातल्या.”

तिनं बोट आकड्यांवरून खाली नेलं. चाळीस, ऐंशी, एकशे बारा. परत वर नेलं. “तुला ठाऊक व्हतं,” ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिनं थोडा वेळ रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. ती रागावली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला रागावलेली बघत होते आणि तिचा राग मोठ्यानं बोलणारा नव्हता. “मी रोज नमाजेत माफी मागितली गो,” ती म्हणाली. “रोज्याला बोल लागला माझ्यापायी म्हनून. सहा वरसं.” मग तिनं काठी घेतली. “चप्पल घाल. वही घे. मी घरोघर फिरले व्हते, आता तू फिर.”

आणि आम्ही फिरलो. ती फाटकाशी उभी राहायची, आत यायची नाही. मी आत जाऊन सांगायची. चार घरांत पाणी मिळालं, त्यांतल्या एका म्हातारीनं “जाऊ दे बाय, कवाचं ते” म्हणून गालावरून हात फिरवला. एका घरातला मुलगा मात्र म्हणाला, “पगार घेता ना तुम्ही?” आणि टीव्हीकडं वळला. मला ते बरं वाटलं. तीन जुन्या घरांतली माणसं गोडाऊनच्या मागं नव्या बंगल्यांत होती, तिथंही गेले. चौथं कुटुंब कल्याणला गेलेलं. त्यांच्या बागेच्या जागी उंच पत्र्याचं गोडाऊन, दाराशी खुर्चीवर एक रखवालदार. मी चाचीकडं बघितलं.

“सांग,” ती म्हणाली. “जागा तीच हाय.”

मी त्याला सांगितलं. “भैया, यहाँ पहले आम का बाग था. उस साल मक्खी आई थी, मुझे मालूम था, मैंने बताया नहीं.” त्यानं सगळं ऐकून घेतलं, नोंदवही पुढं केली आणि म्हणाला, “ठीक है मैडम. नाम, गाड़ी नंबर और आने का कारण लिख दीजिए.” मी कारणाच्या रकान्यात ‘चूक सांगणे’ असं मराठीत लिहिलं. चाचीनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि मान हलवली.

बामाकाकांचं घर शेवटी ठेवलं होतं. ठेवलं तिनंच. दुपार कलली होती. काका ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं. डबे भरत होते ते, साहेबांना शून्य दाखवायचं होतं ते, आणि ज्या दिवशी तुम्ही चाचीला बोललात त्या दिवशी ही वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती ते. “जवळा खारा होता हे खरं आहे काका. पण मी बोलले असते तर दोन आठवडे आधी कळलं असतं. तुमची पेटी गेली नसती.”

काकांनी वही घेतली नाही. अडकित्ता खाली ठेवला. फाटकाकडं बघत म्हणाले, “ती कशाला उभी हाय उन्हात?”

“मला घेऊन आल्या.”

“आत का येत न्हाय?”

 ते उठले आणि तसेच, अनवाणी, अंगण ओलांडून गेले. मी मागं. फाटकाच्या अलीकडं ते, पलीकडं चाची काठीवर दोन्ही हात ठेवून. काकांनी कडी उघडली, परत लावली, परत उघडली.

“चाची.”

“बोल बामा.”

“रोज्याचं बोललो व्हतो मी.”

“व्हय.”

“त्ये बोलाया नको व्हतं.”

 चाचीची हनुवटी तेवढी हलली. काका जमिनीकडं बघत एकदम म्हणाले, “आज आकडा किती?”

सहा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आता ती काहीही सांगू शकली असती. पाच म्हटलं असतं, ठिपका म्हटलं असतं, काकांनी मान डोलावली असती आणि सगळं गोड झालं असतं. चाचीनं ओढणीनं डोळे पुसले आणि चिडून म्हणाली, “आज मोजला कुठं? सकाळपासून हिला घेऊन फिरतंय मी.”

“मग?”

“मग काय? ऊन हाय तवर सुई दिसंल. चल.”

आणि ती वळलीसुद्धा. मी स्कूटर काढून तिच्या बाजूला नेली, “चाची, बसा, सोडते,” म्हटलं. तिनं काठी हलवून मला बाजूला केलं. उशीर झालेल्या माणसासारखी ती काठी आपटत झपाझप चालली होती, गुडघ्यांची पर्वा न करता. आणि बामाकाका चपला न घालताच तिच्या मागं निघाले होते.